मेटिंगआधी नर-मादीच्या तपासण्या: ‘व्हॅक्सिन डन’च्या पुढे काय?

अजिंक्यतारा (धागाकर्ता)

आपल्याकडच्या पिल्लांच्या जाहिराती सगळ्या एकाच साच्यातल्या. ‘केसीआय पेपर, व्हॅक्सिन डन, डीवर्मिंग डन, हेवी बोन, आई-बाप समोर दाखवू.’ लस आणि जंताचं औषध पिल्लाला दिलेलं असतं. केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद वंशावळ सांगतो. आई-बाप समोर उभे केले तरी उभ्या कुत्र्याचा खुबा आतून कसा आहे ते दिसत नाही. म्हणजे जाहिरातीतला शब्द न् शब्द खरा धरला, तरी पिल्लू दीड वर्षाचं झाल्यावर लंगडेल का, याचा त्यातून काही पत्ता लागत नाही.

माझं मत सरळ आहे. नर आणि मादी दोघांचे तपासणीचे कागद हातात आल्याशिवाय मेटिंग करू नये आणि घेणाऱ्याने ते बघितल्याशिवाय इसार देऊ नये. इथे लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन, पग, पॉम आणि आपला देशी शिकारी कारवान या जाती जास्त. कुणाचं काय तपासायचं, कोणत्या वयात, कोणत्या क्रमाने आणि सातारा-सांगलीत राहून त्यातलं काय जमतं, हे एका जागी जमवूया. ‘आमच्या टॉमीला कधी काही झालं नाही’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, त्यासाठी वेगळा धागा आहे.

खंबाटकी

टॉमीचा धागा चारशेवर गेलाय. हा चाळिसात आटोपणार, लिहून ठेवा.

मिरज_जंक्शन

मोठ्या जातींसाठी खुब्यापासून सुरू करा. हिप डिसप्लेझिया म्हणजे खुब्याची वाटी उथळ किंवा सांधा ढिला, मग गोळा घसरत राहतो आणि पुढे संधिवात. यासाठी एक्स-रे लागतो, पण ‘कमरेचा एक्स-रे काढा’ एवढं सांगून भागत नाही.

कुत्र्याला उताणं झोपवतात, मागचे दोन्ही पाय सरळ मागे ताणतात आणि गुडघे किंचित आत वळवतात. सेडेशन किंवा भूल हवीच. जागं कुत्रं स्नायू आवळून धरतं, त्यामुळे ढिला सांधाही घट्ट दिसतो, शिवाय कंबर वाकडी होते ती वेगळीच. फोटो हातात आला की निदानाआधी मांडणी बघा. ओटीपोटाच्या हाडात दोन्ही बाजूंना जी लंबगोल भोकं दिसतात ती सारख्या आकाराची हवीत. मांडीची दोन्ही हाडं एकमेकांना समांतर आणि गुडघ्याची वाटी हाडाच्या बरोबर मधोमध. एक भोक रुंद आणि दुसरं चिंचोळं दिसलं तर कंबर फिरलेली आहे. अशा फोटोत एक खुबा उगाच छान दिसतो आणि दुसरा उगाच वाईट. तो फोटो पुन्हा काढायला लावा, कुत्रं भुलीत आहे तोवरच. घरी आल्यावर कळून काय उपयोग?

मापाचं म्हणाल तर नॉरबर्ग कोन (गोळा वाटीत किती नीट बसलाय त्याचं माप) १०५ अंश किंवा जास्त असेल तर साधारण चांगलं धरतात. पण एका कोनावर निकाल नसतो, वाटीने गोळा किती झाकलाय आणि सांध्याच्या कडेला नवीन हाड धरलंय का तेही बघतात.

वय. कुत्र्यांच्या तपासण्यांचे दाखले देणारी अमेरिकेतली संस्था ओएफए कायमचा दाखला २४ महिने पूर्ण झाल्यावर देते, त्याआधीचं वाचन प्राथमिक. पेनहिप पद्धतीत सांधा किती निसटतो ते मापतात, तो १६ आठवड्यांपासून करता येतो, पण त्यासाठी प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या पद्धतीत ए ते ई अशा श्रेण्या. इंग्लंडमध्ये प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण आणि तिथे गुण कमी तितकं चांगलं. कुणी ‘हिप स्कोअर १०’ म्हणालं तर १० कशापैकी आणि कुणाच्या मापात, हे आधी विचारा.

त्याच भुलीत दोन्ही कोपरांचे पूर्ण मुडपलेल्या स्थितीतले फोटो काढून घ्या. कोपराचे दोष आपल्याकडे कुणी बघतच नाही आणि पुढच्या पायाचा लंगडेपणा सरसकट ‘कॅल्शियम कमी’वर ढकलतात.

वारणा_खोरे

हे सगळं ठीक. पण धागा परदेशातल्या यादीवर चाललाय. इथे मादी आणि पिल्लं मरतात ती गोचीडतापाने आणि पार्वोच्या विषाणूने. खुब्याला भूल देऊन फोटो काढणारा माणूस रक्ताची साधी तपासणी न करता मेटिंग लावतो. आधी मादी जगली पाहिजे, मग पिल्लांचे खुबे.

क्रम माझा असा. सीबीसी, त्यात प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन. त्यासोबत एर्लिकिया, बॅबेसिया, ॲनाप्लाझ्मा या गोचिडीतून येणाऱ्या रोगांची तपासणी. दवाखान्यात मिळणारी झटपट किट अँटिबॉडी बघते, म्हणजे आजार बरा होऊन महिने उलटले तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट बॅबेसिया गिब्सोनी काचेवरच्या रक्तात कित्येकदा दिसतच नाही, कारण जुन्या रोगात रक्तातले परजीवी फार थोडे असतात. शंका असेल तर पीसीआर. हा जीव पोटातल्या पिल्लांपर्यंत जातो आणि भांडणातल्या चाव्यातूनही पसरतो. मादी वरून ठणठणीत, आणि पिल्लं जन्मल्यावर पांढरी फटक, दूध ओढत नाहीत.

उपचार गाभण राहण्याआधी उरकायचे. एर्लिकियाला डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक) २८ दिवस देतात, आणि गाभण मादीला डॉक्सी दिली तर पिल्लांच्या दातांवर पिवळे डाग आणि हाडांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

आणि गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त. एकेक मादी गोचीड हजारोंनी अंडी घालते, ती फटीत आणि पत्र्याच्या सांध्यात. कुत्र्याला औषध आणि शेड तशीच ठेवली तर पैसे पाण्यात.

मिरज_जंक्शन

वारणा, भांडण नाहीच. तुमच्या तपासण्या ‘आज मादी धडधाकट आहे का’ हे सांगतात, माझ्या ‘ती पिल्लांना काय देणार’ हे. दोन्ही लागतात. फक्त तुमचीच केली तर ती व्याली छान, आणि दोन वर्षांनी आठ घरांत आठ लंगडी कुत्री.

सौ_भडंग

पग, पॉम, चिहुआहुआवाल्यांनी पळून जाऊ नका, तुमच्यासाठी स्वस्तातली तपासणी आहे. गुडघ्याची वाटी सरकते का, हे हाताने बघतात. भूल नको, एक्स-रे नको, पाच मिनिटं. श्रेणी १: दाबली की सरकते, सोडली की जागेवर येते. श्रेणी २: आपोआप सरकते आणि आपोआप किंवा हाताने परत येते. श्रेणी ३: बहुतेक वेळ बाहेरच, हाताने बसवता येते. श्रेणी ४: कायम बाहेर, बसवताच येत नाही. वर्ष पूर्ण झाल्यावर तपासा आणि डॉक्टरकडून दोन्ही पायांची श्रेणी लेटरहेडवर लिहून घ्या. तीन पावलं चालून एक पाय उचलून उड्या मारणारा पॉम ‘लाडात येतो’ म्हणून व्हिडिओत फिरतो. तो लाडात येत नाही हो, त्याची वाटी निसटलीय.

पगसाठी श्वास. कुत्र्याला आधी शांतपणी ऐकायचं, मग तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवून परत ऐकायचं. पळवल्यावर घरघर वाढली, दोन मिनिटांत दम खाली बसला नाही, नाकपुड्या आत ओढल्या जात असतील तर त्या नराची फी कितीही कमी असो, नको. उन्हाळ्यात दुपारी ही तपासणी करू नका, सकाळी करा. कण्यात अर्धवट मणके असतात ते एक्स-रेत दिसतात, शेपटी जितकी घट्ट गुंडाळलेली तितका संशय जास्त.

खंबाटकी

घोरतो म्हणून पगचे व्हिडिओ लाखांनी चालतात आणि तुम्ही त्याला नापास करताय.

सौ_भडंग

हो. दोनदा.

कृष्णाकाठ

आता डीएनए. यात गैरसमज फार, म्हणून जरा सविस्तर.

लॅबसाठी नेहमीची यादी: डोळ्याचा पीआरसीडी-पीआरए, पळताना कोसळण्याचा ईआयसी, स्नायूंचा सीएनएम, पाय आखूड राहण्याचा एसडी२ आणि नाकाचं एचएनपीके. सगळे ऑटोसोमल रिसेसिव्ह, म्हणजे दोष आईकडूनही आणि बापाकडूनही आला तरच कुत्रं आजारी. निकाल तीन प्रकारचा: क्लियर (दोष नाही), कॅरियर (दोष एकाकडूनच आलेला), अफेक्टेड (दोघांकडूनही आलेला). कॅरियर स्वतः कधीच आजारी पडत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय कळतच नाही.

कॅरियर गुणिले क्लियर: एकही पिल्लू आजारी नाही, सरासरी निम्मी कॅरियर. कॅरियर गुणिले कॅरियर: प्रत्येक पिल्लाला २५ टक्के धोका. म्हणून चांगल्या खुब्याची, चांगल्या स्वभावाची मादी नुसती कॅरियर आहे म्हणून बाद करू नका. क्लियर नर शोधा, पिल्लं तपासा, पुढच्या पिढीत क्लियर पिल्लू ठेवा. कॅरियर सगळी फेकली तर आपल्या भागात आधीच मोजके असलेले नर आणखी कमी होतील आणि सगळे एकाच ‘चॅम्पियन’कडे पळतील. त्याचं एखादं झाकलेलं जनुक मग सगळ्या तालुक्यात.

ईआयसीबद्दल मुद्दाम. लॅब पाच ते पंधरा मिनिटं जोरात पळाला, चेंडूच्या नादात, की मागचे पाय लुळे पडतात आणि तो कोसळतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे घडलं की ‘ऊन लागलं’ म्हणून मिटवतात. ऊन लागणंही तितकंच खरं असू शकतं, दोघांत अंग तापतंच. थंडीच्या दिवसांतही तसाच कोसळत असेल तर ईआयसी तपासा.

पीआरएमध्ये आधी रात्रीची नजर जाते. लाइट गेल्यावर अंगणात येताना उंबऱ्याला अडखळणारा कुत्रा दिवसा अगदी नीट वावरतो, म्हणून मालकाच्या लक्षात यायला वर्षं जातात. तोवर त्याची दोन-तीन वेतं विकून झालेली.

यवतेश्वर

डीएनए क्लियर म्हणजे डोळे क्लियर नव्हेत, हे जोडा. मोतीबिंदू, पापणी आत वळणं, रेटिनाच्या घड्या यांतलं बरंचसं डीएनए तपासणीत येत नाही. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालून वीस-तीस मिनिटं थांबतात आणि मग स्लिट लॅम्प आणि ऑफ्थॅल्मोस्कोपने बघतात. हा दाखला दरवर्षीचा. दोन वर्षांपूर्वीचा दाखवणारा ‘एकदा केलंय ना’ म्हणतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

डॉबरमनवाल्यांसाठी हृदय. डीसीएममध्ये, म्हणजे हृदयाचा स्नायू कमजोर होऊन हृदय फुगण्याच्या रोगात, कुत्रं वरून उत्तम आणि एक दिवस उभ्या उभ्या कोसळतं. ईसीजीची दोन मिनिटांची पट्टी पुरत नाही. २४ तासांचं होल्टर (अंगावर बांधून सलग ईसीजी घेणारं यंत्र) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी), दोन्ही, दरवर्षी. तपासणी तीन वर्षांच्या वयापासून सांगतात, पण मेटिंग त्याआधी होणार असेल तर आधीच एकदा करून घ्या आणि नंतर चालू ठेवा, म्हणजे पिल्लं घेतलेल्या लोकांना निदान कळवता येईल. होल्टरवर २४ तासांत ३०० पेक्षा जास्त चुकार ठोके, किंवा ५० ते ३०० असे वर्षभरात दोनदा, म्हणजे डीसीएम धरतात.

माणसांचं होल्टर यंत्र कुत्र्याला चालतं, छातीचे केस काढून पट्ट्या चिकटवायच्या आणि वरून जॅकेट. अडचण वाचनाची. कुत्र्याचे ठोके श्वासासोबत नैसर्गिकपणेच मागेपुढे होतात, माणसांचं सॉफ्टवेअर त्यालाच गडबड समजतं. रेकॉर्डिंग इथे, वाचन पशु-हृदयतज्ज्ञाकडे, असं करा. बाजारात डॉबरमनच्या डीसीएमचा डीएनएही मिळतो, पण त्यात क्लियर आलेल्या कुत्र्यालाही रोग होतो. होल्टरऐवजी तो कुणी पुढे केला तर मान्य करू नका.

वॉन विलेब्रांडचा डीएनए मात्र जरूर करा. तो रक्त न गोठण्याचा दोष, सिझेरियनच्या टेबलावर कळला तर फार उशीर.

आटपाडीकर

कारवानचं कुणी बोलेना म्हणून लिहितो. आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे आणि पलीकडे सांगोल्यात ही कुत्री धनगरांच्या कळपासोबत आणि वस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या आहेत. जमखंडीच्या पुढे गेलं की मुधोळ. पोस्टाने २००५ साली देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ हाउंड होता, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान केंद्र आहे.

परदेशी यादी यांना जशीच्या तशी लावू नका. या कुत्र्यात खुब्याचा दोष क्वचित. मी आधी बघतो ते असं: दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का (एकच उतरलेला नर वापरूच नये), जबडा कात्रीसारखा बसतो का, छातीला स्टेथोस्कोप लावून हृदयात फुरफुर आहे का, आणि लांब पळाल्यावर किती वेळात श्वास जागेवर येतो.

दुसरं, रिपोर्ट वाचताना. ग्रेहाउंड जातीत निरोगी असतानाही प्लेटलेट कमी, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा) जास्त आणि थायरॉइडचा टी४ कमी असतो. आपल्या हाउंडचे स्वतःचे आकडे तयार नाहीत, पण घडण तीच. प्लेटलेट जरा कमी आली की गोचीडताप आणि टी४ कमी आला की थायरॉइडच्या गोळ्या, असं करू नका. एकाच कुत्र्याची निरोगी असतानाची सीबीसी जपून ठेवा, पुढे तिच्याशीच ताडा. भुलीच्या आधी डॉक्टरला सांगा की हे हाउंड आहे. अंगावर चरबी नसल्यामुळे थायोपेंटोन हे भुलीचं औषध उतरायला फार वेळ लागतो, दुसरी औषधं आहेत.

तिसरं आणि मोठं: रक्ताचं नातं. एका गावात एक नावाजलेला नर, पंचक्रोशीतल्या सगळ्या माद्या त्याच्याकडे. पुढच्या खेपेला त्याचीच लेक त्याच्याकडे येते आणि कुणी वही ठेवलेली नसते. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं जोडली तर पिल्लांचा इनब्रीडिंग आकडा २५ टक्के, सावत्र भावंडं १२.५, चुलत-मावस ६.२५. दोषांची डीएनए यादी या जातीला नाही, म्हणून वही हीच तपासणी. नर, मादी, त्यांचे आई-बाप, गाव, वेताची तारीख, किती जन्मली, किती जगली, कोणतं पिल्लू कुठे गेलं. ग्रेहाउंडचं रक्त घुसवून ‘प्युअर कारवान’ म्हणून विकणं चालू आहे, त्यालाही ही वही हाच उतारा.

वारणा_खोरे

आणि सशामागे सोडून नर ‘टेस्ट’ करणाऱ्यांना कुणीतरी सांगा की तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. त्याला हेल्थ टेस्टिंग म्हणत नाहीत.

आटपाडीकर

बरोबर. मोकळ्या माळावर दुचाकीच्या मागे पळवा, दम तेवढाच कळतो.

कृष्णाकाठ

मेंढ्यांवरून आठवलं. वस्तीवर मेंढ्यांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला ‘गोचीड जाते’ म्हणून अंदाजाने टोचतात. एक टक्क्याचं म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. कॉली, शेल्टी आणि काही जर्मन शेफर्डमध्ये एमडीआर१ नावाचा जनुकदोष असतो, औषध मेंदूत शिरतं. अशा कुत्र्याला किलोमागे ०.१ मिलिग्रॅमलाही त्रास सुरू होतो आणि मेंढीचा डोस ०.२ आहे. कॉली ब्रीड करत असाल तर एमडीआर१ यादीत पहिल्या तिनांत हवा. गाभण आणि दूध पाजणाऱ्या मादीला गोचिडीसाठी फ्लुरालॅनर चालतं, त्याच्या लेबलवरच तसं आहे. गोचिडीवरचं ॲमिट्राझचं पाणी मात्र त्या काळात नको.

अजिंक्यतारा

छान चाललंय. संसर्गाचं राहिलं. ‘नर पुष्कळ माद्यांना लागलेला आहे, अनुभवी आहे’ ही जाहिरात मला उलट घाबरवते.

मिरज_जंक्शन

घाबरायलाच हवं. दोन गोष्टी.

एक, टीव्हीटी. मेटिंगमधून पसरणारी गाठ. नरात लिंगाच्या मुळाशी, चामडी पूर्ण मागे घेतल्याशिवाय दिसत नाही, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी आणि हात लागला की रक्त. मादीत योनीच्या आत. तिच्यातून थेंब थेंब रक्त येतं आणि मालक म्हणतो ‘हीट लांबली’, म्हणजे माज लांबला. हीट तीन-साडेतीन आठवड्यांपेक्षा लांबलेली वाटली तर आधी बोट घालून तपासा. काचेवर ठसा घेऊन पाहिला की गोल पेशी आणि त्यांत फुग्यासारख्या पोकळ्या दिसतात. उपचार म्हणजे व्हिनक्रिस्टिनचं इंजेक्शन आठवड्याला एक, साधारण चार ते सहा. औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी सडते, त्यामुळे घरी कुणाकडून टोचून घ्यायचं काम नाही. नराला दिलं तर वीर्यावर परिणाम होतो, काही महिने त्याला वापरू नका आणि वापरण्याआधी वीर्य तपासा.

दोन, ब्रुसेला कॅनिस. मेटिंगमधून पसरणारा, गर्भपात घडवणारा जंतू. गाभणपणाच्या ४५ ते ५९ व्या दिवसांत वरून निरोगी मादी गर्भ टाकते, नराचे अंडकोष सुजतात किंवा नुसतीच पिल्लं धरत नाहीत. माणसालाही होतो, त्यामुळे गाभडलेलं काढताना हातमोजे घाला. आता आपल्या भागातली खास गफलत. इथल्या प्रयोगशाळांना ब्रुसेला म्हटलं की गाई-म्हशींची रोझ बंगाल तपासणी माहीत. ती ब्रुसेला अबॉर्टसची. ब्रुसेला कॅनिसचं बाहेरचं आवरण वेगळं असल्याने तो तिच्यात सापडत नाही. ‘निगेटिव्ह’चा कागद घेऊन लोक बिनधास्त मेटिंग लावतात. कागदावर ‘कॅनिस’ शब्द आणि तपासणीची पद्धत वाचा. संसर्ग झाल्यावर अँटिबॉडी दिसायला काही आठवडे जातात, म्हणून दोघांची तपासणी साधारण महिन्याच्या अंतराने दोनदा, आणि मधल्या काळात दुसरीकडे मेटिंग नाही. पॉझिटिव्ह आला तर एका तपासणीवर विश्वास नको, कल्चर किंवा पीसीआरने खात्री करा. खात्री झाली तर ब्रीडिंग कायमचं बंद. औषधाने लक्षणं दबतात, जंतू आत राहतो.

वारणा_खोरे

गाभडलेली गाय-म्हैस ज्या गोठ्यात आहे तिथलं कुत्रं वार खातं, त्याला अबॉर्टसही होऊ शकतो. गोठ्यातल्या कुत्र्याला मग दोन्ही तपासण्या.

खंबाटकी

एवढं सगळं करून नराचा मालक विचारणार, ‘मग फी वाढवून देताय का?’

कायद्याचं_बोला

फी राहू दे, नियम वाचा. श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम २०१७ सालचे आहेत, प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० खालचे. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी किमान १८ महिन्यांची हवी, आठ वर्षांनंतर नाही. वर्षात एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. चिप आणि नोंदी ठेवणं बंधनकारक. ‘३५ दिवसांचं पिल्लू तयार’ ही जाहिरातच नियमाबाहेरची.

लक्षात घ्या, १८ महिने ही कायद्याची किमान मर्यादा. खुब्याचा कायमचा दाखला २४ महिन्यांना मिळतो. दोघांत सहा महिन्यांचं अंतर आहे आणि बहुतेक घाई त्यातच होते.

यवतेश्वर

अजिंक्यतारा, तुमच्या मूळ प्रश्नाचा क्रम कुणी दिला नाही, मोठ्या जातीसाठी मी मांडतो.

सगळ्यात आधी चिप. १५ आकडी, भारताचा कोड ३५६, काही चिपांवर कंपनीचा ९०० च्या पुढचा कोड असतो. यापुढच्या प्रत्येक कागदावर, एक्स-रेच्या आत, नळीच्या लेबलवर तोच नंबर. चिपशिवायचा एक्स-रे कुणाचाही असू शकतो. मग डीएनए, कारण तो आयुष्यात एकदाच आणि कोणत्याही वयात होतो, शिवाय त्यात मोठा दोष निघाला तर पुढचा खर्च वाचतो. वर्षभराचं झाल्यावर डोळे, हृदय ऐकणं, प्राथमिक एक्स-रे हवा असेल तर तो. २४ महिन्यांना खुबे आणि कोपर एकाच भुलीत. मादीचा एक्स-रे हीटच्या आसपास किंवा दूध पाजताना काढू नका, संप्रेरकांनी सांधे सैल दिसतात, तीन-चार आठवडे जाऊ द्या. त्यानंतरच्या हीटच्या दोनेक महिने आधी गोचीडताप आणि ब्रुसेलाची पहिली तपासणी, लस बाकी असेल तर तीही तेव्हाच, गाभणपणात जिवंत विषाणूची लस नको. हीट सुरू झाल्यावर टीव्हीटीसाठी दोघांची हाताने तपासणी.

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, सातारकरांना ते सगळ्यात सोयीचं. कोणत्या दिवशी कोणता विभाग आणि एक्स-रे चालू आहे ते आधी फोन करून विचारा आणि खुब्यांच्या फोटोची मांडणी नीट करून हवी आहे हे आधीच सांगा. डोळे आणि इकोसाठी बहुतेकांना पुणे गाठावं लागतं, मग दोन्ही एकाच फेरीत बसवा.

सौ_भडंग

डीएनएचा स्वॅब पावसाळ्यात खराब होतो, ते लिहा कुणीतरी. मीच लिहिते. घेण्याआधी तासभर खाणं नाही. गालाच्या आतल्या बाजूला स्वॅब फिरवत घासायचा, नुसती लाळ नको. दूध पिणाऱ्या पिल्लाचा घेताना ते आईपासून दोनेक तास बाजूला ठेवा, नाहीतर आईच्या पेशी जातात आणि रिपोर्ट आईचा. सुका स्वॅब असेल तर पूर्ण वाळवून कागदी पाकिटात घाला, प्लॅस्टिकमध्ये दमट राहिला तर बुरशी. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात स्वॅबच्या भानगडीत पडण्यापेक्षा जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन मिली रक्त द्या.

आटपाडीकर

नळीवरून: मेटिंगचा दिवस ठरवायला प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी माणसांच्या लॅबमध्ये होते, पण नळी जेलवाली नको. जेल प्रोजेस्टेरॉन शोषतं आणि आकडा कमी येतो. साधी लाल. आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलीमध्ये घ्या, ५ ते ८ ला अंडी सुटतात, त्यानंतर दोन दिवसांनी मेटिंग. रिपोर्ट नॅनोमोलमध्ये आला तर ३.१८ ने भागा, नाहीतर ८ वाचून घाई कराल आणि खरे अडीचच असतील.

वारणा_खोरे

एक विरोधी मुद्दा उरलाच. खुबे ए श्रेणीचे असलेल्या आई-बापांची पिल्लंही लंगडतात. मग एवढा खटाटोप कशाला?

मिरज_जंक्शन

कारण खुबा अनेक जनुकांचा आणि पोसण्याचाही आहे. चांगल्या जोडीने धोका कमी होतो, शून्य होत नाही. उरलेलं पिल्लू घेणाऱ्याच्या हातात. लॅबच्या ४८ पिल्लांवर आयुष्यभर केलेल्या अभ्यासात २५ टक्के कमी खाऊन सडपातळ राहिलेल्यांना संधिवात उशिरा आला आणि ती सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली. ‘हेवी बोन’साठी पिल्लाला तूप, अंडी, कॅल्शियम कोंबणाऱ्यांनी हे वाचावं. पहिल्या तीन महिन्यांत जिने नकोत, मोकळ्या मऊ जमिनीवर खेळू द्या. गुळगुळीत टाइल्स असतील तर वर गोणपाट अंथरा.

आणि म्हणूनच फक्त आई-बाप नाही, त्यांची भावंडं आणि आधीच्या वेतातली पिल्लं यांचेही एक्स-रे मागा. सहा भावंडांत चार वाईट आणि ही एकटी चांगली असेल तर तिचा ए श्रेणीचा कागद फार भोळेपणाने वाचू नका.

अजिंक्यतारा

घेणाऱ्यांसाठी एकच प्रश्न: ब्रीडरने रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले तर खरे-खोटे कसं ओळखायचं?

यवतेश्वर

ओएफएचा नंबर असेल तर त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणीच्या नावाने शोधा, उघडं आहे. नसेल तर भेटीला जाताना चिप रीडर असलेल्या डॉक्टरला सोबत न्या किंवा कुत्र्याला दवाखान्यात बोलवा, आणि कुत्र्याची चिप वाचून रिपोर्टवरच्या पंधराही आकड्यांशी जुळवा. शेवटचे चार जुळले म्हणून सोडू नका, फेरफार करणारा शेवटचे बरोबर लिहितो.

खंबाटकी

चाळीस प्रतिसाद झाले नाहीत, पण मी हरलो. पग घेणार होतो, आता आधी तीन मिनिटं पळवून बघतो.

सौ_भडंग

पगला. स्वतःला नको.